दुर्गा खोटे : पडद्यावरची आई, पडद्यामागची मालकीण

(गटाच्या मासिक बैठकीत वाचायचा पाठ. एकीने मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, मधे थांबवून बोललं तरी चालेल.)

मैत्रिणींनो, आजकाल टीव्हीवर, मोबाईलवर आपण बघतो की अमक्या नटीनं स्वतःची पावडर-लिपस्टिकची कंपनी काढली, तमकीनं कपड्यांचं दुकान टाकलं. कतरिना कैफनं २०१९ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा धंदा सुरू केला, दीपिका पदुकोणनं २०२२ मध्ये. ते बघून आपण म्हणतो, त्यांचं काय बाई, त्यांच्याकडे पैसा, त्यांच्याकडे नाव. खरंच आहे ते. म्हणून या पाठात त्यांच्याबद्दल नाही बोलायचं. आपल्याच मराठी मुलखातली एक बाई, जिनं नव्वद वर्षांपूर्वी पोट भरायला सिनेमात पाऊल टाकलं आणि पुढं स्वतःच्या नावाची कंपनी चालवली, तिचा हिशेब आज मांडायचा आहे. दुर्गा खोटे.

वयानं मोठ्या असलेल्या सगळ्याजणींनी त्यांना पाहिलंय, नाव माहीत नसेल इतकंच. 'मुगल-ए-आझम'मधली सलीमची आई जोधाबाई आठवते? त्याच त्या. 'बॉबी'मध्येही होत्या, 'कर्ज'मध्येही होत्या. 'बिदाई'साठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. पण आपला पाठ नटीचा कमी आणि धंदेवाल्या बाईचा जास्त आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचं आडनाव लाड. कुटुंब मूळचं गोव्याकडचं, घरात कोकणी बोलायचे, वडील मुंबईत सॉलिसिटर. कांदेवाडीत, म्हणजे गिरगावात, मोठ्या एकत्र घरात त्या वाढल्या. इंग्रजी शाळेत गेल्या, सेंट झेवियर्स कॉलेजात गेल्या. शिकत असतानाच खोटे यांच्या घरी लग्न झालं. बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे झाले. आणि मग, ऐन तारुण्यात, पंचविशी उलटली न उलटली तोच नवरा गेला.

इथं जरा थांबू. आपल्या गटांमध्ये एकल महिला किती आहेत ते आपल्याला माहीत आहे. कुणाचा नवरा आजारानं गेला, कुणाचा अपघातात, कुणाच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला, कुणी सोडून दिलेल्या. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, पहिला प्रश्न कोणता येतो. जेवायला मिळतंच हो, सासरचे काही उपाशी ठेवत नाहीत. पण लेकराच्या वहीला दहा रुपये मागायला सासऱ्यापुढं उभं राहावं लागतं, ते नको वाटतं. दुर्गाबाईंचं घर खातंपितं होतं, तरी त्यांना नेमकं हेच नको होतं. सासरच्या माणसांवर पैशासाठी अवलंबून राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. आधी शिकवण्या घेतल्या. त्यात भागेना.

मग १९३१ साली सिनेमा आला दारात. मोहन भवनानींचा 'फरेबी जाल'. भूमिका लहानशी. चित्रपट सुमार निघाला आणि बाईंवर टीकेची झोड उठली. चांगल्या घरची, शिकलेली, लेकुरवाळी बाई सिनेमात! त्या काळी याचा अर्थ काय होता ते समजायला एक गोष्ट सांगते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवून तारामती केलं. त्याच वर्षी पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, म्हणजे वाट त्यांनी पाडली. तरी लोकांच्या मनातलं जात नव्हतं.

आणि बघा, एकोणीस वर्षांनी, १९३२ मध्ये, तीच हरिश्चंद्र-तारामतीची कथा घेऊन प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' काढला. मराठीतला पहिला बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती. चित्रपट मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे काढायचा, म्हणून प्रत्येक प्रसंग दोनदा करायचा, एकदा मराठी, एकदा हिंदी. गाणंही नटीनं स्वतःच म्हणायचं, कारण मागून दुसऱ्याचा आवाज लावायची सोय अजून आली नव्हती. पहिल्या चित्रपटात तोंडावर पडलेल्या बाईनं हे सगळं शिकून घेतलं. चित्रपट चालला आणि नाव ठेवणाऱ्यांची तोंडं बरीचशी बंद झाली. बरीचशी म्हणते, सगळी कधीच होत नाहीत.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या बायकांच्या राज्याची राणी झाल्या. १९३६ मध्ये 'अमर ज्योती'त तर समुद्रावरची दरोडेखोर सौदामिनी! राज्याच्या कायद्यानं पोटचं लेकरू हिरावून घेतलं म्हणून बंड करून उठलेली बाई. नव्वद वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे, विश्वास बसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळात सिनेमाचा कारभार कसा चाले? नट, नटी, गवई, छायाचित्रकार, सुतार सगळे एका कंपनीचे महिन्याच्या पगारावरचे नोकर. कंपनी सांगेल ते काम. सुरक्षित होतं, दर महिन्याला पैसे येत. पण चित्रपट धो धो चालला तरी नटीचा पगार तेवढाच. दुर्गाबाई प्रभातमध्ये नावारूपाला आल्या, पण तिथंच बांधून राहिल्या नाहीत. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये जाऊन १९३३ मध्ये 'राजरानी मीरा' केला. १९३४ मध्ये तिथल्याच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत 'सीता' केला, पृथ्वीराज कपूर राम होते, आणि तो चित्रपट परदेशात व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मुंबईच्या प्रकाश पिक्चर्समध्येही काम केलं. कंपन्यांच्या पगारी जमान्यात असं सुटं, प्रत्येक कामाचा वेगळा दर ठरवून काम करणाऱ्या पहिल्या कलाकारांत त्यांचं नाव घेतात.

हे वाचून आपल्या डोळ्यापुढं काय येतं? माझ्या तर उचल येते. दिवाळी झाली की आपल्याकडं मुकादम येतो, कोयत्यामागं उचल देतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. पैसे घेतो नवरा, वहीवर नाव त्याचं, आणि बाईची मजुरी अर्ध्या कोयत्यात मिसळून जाते, वेगळी कुठं दिसतच नाही. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वर स्वयंपाक करायचा, आणि कुणी विचारलं तुझी कमाई किती, तर सांगता येत नाही. दुर्गाबाईंचा पगार आणि आपली उचल एक नव्हे, हे मला कळतं. त्यांना कुणी सहा महिने उसाच्या फडात राहायला लावलं नव्हतं. पण बांधलेपणाचा हिशेब तोच आहे. एकाच मालकाशी बांधलेल्या माणसाला आपल्या कामाची किंमत कधी कळत नाही. दोन-तीन गिऱ्हाईकं झाली की कळायला लागते.

सुटं काम म्हणजे मोकळीक, पण भाव आपण काढायचा. तिथंच आपले गट मार खातात. हिशेब करून बघू. समजा, चार जणींनी मिळून २० किलो शेंगदाण्याची चटणी केली. शेंगदाणे २,८०० रुपये, मिरची-लसूण-जिरे-मीठ ४००, जळण आणि दळण २००, पिशव्या आणि लेबल ३००, गेवराईपर्यंत न्यायचं भाडं २००. झाले ३,९००. शेजारची म्हणाली २२० रुपये किलोनं देऊन टाका, लगेच जाईल. आले ४,४००. गट खूश, ५०० रुपये नफा! पण बायांनो, चौघींचा अख्खा दिवस गेला तो कुठं लिहिला? ३०० रुपये रोज धरला तर चौघींचे १,२००. खरा खर्च ५,१००. म्हणजे ७०० रुपये आपल्या खिशातून गेले आणि आपण हसत हसत घरी आलो. किलोला खर्चच २५५ येतो. ३०० नं विकली तर ६,०००, म्हणजे मजुरी सुटून ९०० उरतात. शेतात दुसऱ्याच्या बांधावर गेलो तर रोज मागून घेतो आणि आपल्याच धंद्यात फुकट राबतो, हे आधी थांबवायला पाहिजे.

नटीचा चेहरा हेच तिचं भांडवल, आणि वयाबरोबर ते कमी होतं असं सगळे म्हणतात. दुर्गाबाईंनी ते दुखणं वेळेआधीच ओळखलं असं मला वाटतं. १९४१ मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त (हिंदीत 'चरणों की दासी') त्या खाष्ट सासू झाल्या. वय किती? छत्तीस! त्या वयात कितीक नट्या नायिकेचाच हट्ट धरतात. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. या दोन्ही कामांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेनं त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. सासू आणि सावत्र आई, दोन्ही लोकांना नकोशा वाटणाऱ्या भूमिका. त्यांनी मागणी कुठं आहे ते बघितलं आणि तरुण दिसण्याची शर्यत सोडून दिली. त्यामुळं पुढची चाळीस वर्षं काम मिळत राहिलं. त्याच्या बरोबरीनं मुंबई मराठी साहित्य संघाची नाटकंही केली. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ मध्ये पद्मश्री.

धंद्याकडे वळू. १९३० च्या दशकाच्या शेवटाकडे त्यांनी 'साथी' नावाच्या चित्रपटाची निर्मिती केली. निर्मिती म्हणजे पैसा उभा करणं, माणसं जमवणं, स्टुडिओचं भाडं, फिल्मची खरेदी, आणि शेवटी चित्रपट विकणं. बाईनं हे करणं तेव्हा विरळाच होतं. त्या आघाडीच्या बायांत देविका राणींचंही नाव येतं. त्यांनी नवरा हिमांशू राय यांच्याबरोबर १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली आणि १९४० मध्ये नवरा गेल्यावर कंपनीचा कारभार स्वतः हाती घेतला. पण १९४३ मध्ये कंपनीतले मोठमोठे लोक फुटून बाहेर पडले आणि त्यांनी फिल्मिस्तान काढली. १९४५ मध्ये देविका राणी सगळं सोडून गेल्या. गट फुटण्याची गोष्ट आपल्यालाच माहीत आहे असं नाही, मोठ्या कंपन्याही फुटतात.

दुर्गाबाईंची वाट निराळी. त्यांनी प्रचंड स्टुडिओ उभारायच्या नादाला न लागता लहान चित्रपटांचा धंदा धरला. आधी फॅक्ट फिल्म्स, मग दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. काम काय? जाहिरातींचे चित्रपट, माहितीपट, लघुपट. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी साबणाची, तेलाची जाहिरात लागायची ना, त्या तऱ्हेचं काम. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही जाहिराती सुरू झाल्या आणि या धंद्याला आणखी बाजार मिळाला.

या दोन धंद्यांतला फरक नीट समजून घ्या, कारण या पाठाचं मर्म इथं आहे. मोठा चित्रपट काढायचा तर आधी आपला पैसा (किंवा व्याजाचा पैसा) ओतायचा, वर्ष-दोन वर्षं थांबायचं, आणि मग लोकांना आवडला तर मिळणार, नाही तर बुडाला. जाहिरातपट म्हणजे ऑर्डरचं काम. साबणवाली कंपनी आधी येते, किती लांबीचा, कशाबद्दल, कधी पाहिजे ते सांगते, दर ठरतो, काही रक्कम आधी मिळते, काम दिलं की बाकीची. त्यात नफा थोडा असेल, पण बुडायची भीतीही थोडी. एका मोठ्या डावापेक्षा लहान लहान ऑर्डरींवर घर नीट चालतं.

आता आपल्याकडं बघा. दोन लाखांचं कर्ज काढून यंत्र आणायचं, पोती भरून पापड करून ठेवायचे आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, हा झाला मोठ्या चित्रपटाचा धंदा. पावसाळा लागला, पापडाला बुरशी आली, कर्जाचा हप्ता मात्र दारात उभा. त्यापेक्षा अंगणवाडीचा, शाळेच्या गणवेशाचा, लग्नाच्या रुखवताचा, राक्षसभुवनच्या यात्रेतल्या स्टॉलचा आधी अंदाज घ्या, ऑर्डर घ्या, विसार घ्या, मग कढई चुलीवर ठेवा. विसार मागायला लाजायचं नाही. उचल आणि विसार या दोन्हींत पैसा आधी मिळतो, पण उचल माणसाला बांधते आणि विसार फक्त त्या मालापुरता असतो. माल दिला, मोकळ्या झालो.

मी असं म्हणत नाही की कर्ज घेऊच नका. गटाचं अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज यावरच कित्येकींची शिलाई मशीन आली, शेळ्या आल्या. फक्त यंत्राच्या आधी गिऱ्हाईक, एवढंच.

दुर्गाबाईंच्या गिरगावातलीच आणखी एक गोष्ट ओघात सांगते. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या आणि ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोच आजचा लिज्जत पापड. त्यांनी देणगी घ्यायची नाही असं ठरवलं, तोटा झाला तरी आपलाच. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पीठ मध्यवर्ती ठिकाणी मळायचं, बायांनी घरी नेऊन लाटायचं, पापड परत आणून द्यायचे, अशी त्यांची रीत. म्हणून चव सगळीकडे एक. आपल्याकडे दहा जणी दहा चवीचा मसाला करतात आणि एकाच लेबलात भरतात, मग गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

लेबलावरून नावाकडे येते. दुर्गाबाईंनी कंपनीला स्वतःचंच नाव दिलं. ज्या नावाला १९३१ मध्ये लोकांनी नावं ठेवली, त्याच नावावर पुढं ऑर्डरी मिळाल्या. आपल्याकडे उलटं होतं. धंदा बाईचा, फलकावर नाव लेकाचं किंवा नवऱ्याचं, बँकेत खातं दिराच्या नावावर. गटाच्या मालाला एक नाव ठरवा आणि ते नोंदवा. उद्यम नोंदणीला फी लागत नाही, कुणी पाचशे-हजार मागत असेल तर देऊ नका. खाण्याच्या मालाला अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच. आणि माल चालायला लागला की ट्रेडमार्क. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं टिकते. एका गटाला हे जड वाटेल, पण ग्रामसंघातल्या सगळ्या गटांनी मिळून एकच नाव घेतलं तर प्रत्येकीच्या वाट्याला किती येतात ते तुम्हीच भागून बघा.

दुर्गाबाईंच्या शेवटच्या वर्षांतलं काम ऐकून तर गंमत वाटेल. १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' ही मालिका लागली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावरची, कुंदन शहांनी दिग्दर्शित केलेली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर त्यात नवरा-बायको होते. ती काढली होती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सनं. बाईंचं वय तेव्हा ८३. त्याआधी १९८२ मध्ये 'मी दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आलं, १९८३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार एका तारामतीला. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या. वाटेत दुःखं कमी नव्हती, धाकटा मुलगा हरीन त्यांच्या डोळ्यादेखत गेला. काम मात्र थांबलं नाही.

कुणी म्हणेल, त्या शिकलेल्या होत्या, इंग्रजी येत होतं, सॉलिसिटरची लेक. हो. हा फरक झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चकलांब्यातल्या बाईला मुंबईचं कॉलेज मिळालं नाही आणि कलकत्त्याहून कुणी बोलावणार नाही. त्यांच्या माहेरानं पाठ दिली, आपल्यातल्या अनेकींना माहेरही उरलेलं नसतं. पण भाव काढणं, विसार घेणं, एकाच मालकावर न राहणं आणि खातं आपल्या नावावर ठेवणं, याला इंग्रजी लागत नाही. याला वही लागते, आणि वही आपल्या गटात आहेच.

बैठकीत करायचं काम : गेल्या तीन महिन्यांत गटानं किंवा तुमच्यापैकी कुणी जे काही विकलं असेल, दूध, शेवया, कपडे, कोंबड्या, काहीही, त्यातला एक माल निवडा. वर चटणीचा मांडला तसा हिशेब फळ्यावर मांडा, मजुरीचा रकाना पहिल्यांदा भरा. मग बघा की गिऱ्हाईकं किती आहेत, एकच आहे की चार. यंदा उचल घ्यायची की नाही यावर ज्या घरात बोलणं चालू आहे, त्या ताईंनी कोयत्याच्या पैशात आपला वाटा किती धरला जातो तेही काढून आणावं. नवऱ्याला विचारायला अडचण असेल तर मागच्या हंगामाचे दिवस मोजा आणि रोजानं गुणा. लिहिता येत नसेल त्यांना सचिव मदत करतील. आकडे पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आणायचे आहेत, तोंडी नको, वहीतच.